पेंटरनं लावलेला पडदा

पेंटरच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून निळी आहेत. साबणानं घासून झाली, रॉकेलात बुडवून झाली, पण नखांच्या कडांचा निळा काही हलत नाही. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यावर रंग कातड्यात मुरतो, तो आता पेंटरबरोबरच जायचा. त्याच बोटांनी तो हल्ली कॉम्प्युटरची बटणं बडवतो. बडवतोच म्हणायचं, हळू दाबणं त्या हाताला ठाऊक नाही. आतल्या खोलीतून बायको ओरडते, "अहो, वेबसाइट करताय का खिळे ठोकताय?"

पाट्यांचा धंदा फ्लेक्सनं खाल्ला. सकाळी फोटो द्या, दुपारी भिंतीएवढा फलक गुंडाळून न्या. पेंटर एक अक्षर आखून, भरून, त्याला सावली देऊन वाळवेस्तोवर समोरच्या रस्त्याला चार फ्लेक्स लागलेले असायचे, त्यांवर धेडगुजरी अक्षरं आणि बत्तीस दात दाखवणारे मालक. पेंटरच्या जोडीचे लोक कुणी पहारेकरी झाले, कुणी घरी बसून सुनेची बोलणी खाऊ लागले. पेंटर मुळात चिवट. एका कॉम्प्युटर क्लासची पाटी त्यानं रंगवली आणि बदल्यात तीन महिने मागच्या बाकावर बसू द्यायची अट घातली. पुढच्या बाकांवरची मुलं वळून वळून हसायची. हसा म्हणाला. वयाची बावन्न वर्षं झालेली, चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. पण तीन महिन्यांत गड्यानं सगळं घोटून घेतलं. फुकटात मिळणारी ब्लॉगची जागा कशी घ्यायची, तिची थीम कशी बदलायची, आतल्या कोडात हात घालून मथळ्याचा रंग, रकान्याची रुंदी, अक्षराची उंची कशी हलवायची.

त्याचं म्हणणं असं, की काम तेच आहे. नुसती भिंत बदलली.

गिऱ्हाइकं मिळत गेली. दातांचा डॉक्टर, गणिताच्या शिकवणीवाल्या बाई, कुत्र्यांना शिस्त लावणारा एक निवृत्त हवालदार. ज्याला त्याला ब्लॉगचं दुकान मांडायचं असायचं आणि मांडलेलं दुकान चार महिन्यांत वाकडं व्हायचं. मग पेंटरच्या दारात. "मोबाइलवर उघडलं की अक्षरं मुंगीएवढी दिसतात हो." "फोटो मजकुराच्या अंगावर चढलाय." हवालदाराचा तर अख्खा रकाना एका बाजूला सरकून बसला होता, माळ्यावर म्हैस कलंडावी तसा. पेंटर शांतपणे आत उतरायचा. बहुतेकदा दुखणं एकच निघायचं: माणसानं दुसऱ्या कुठून तरी मजकूर उचलून जसाच्या तसा चिकटवलेला, आणि उसन्या वाकळेतून ढेकूण यावेत तशी तिकडची मापं, तिकडचे रंग, सगळी किडूकमिडूक त्याच्याबरोबर आलेली. पेंटर एकेक वेचून चिरडायचा.

त्याच्या सवयी पाटीवाल्याच्याच राहिल्या. कोडाला हात लावण्याआधी अख्ख्या टेम्प्लेटची नक्कल काढून ठेवणार. काय बदललं ते तारीख घालून वहीत लिहिणार. आणि काम झालं की पानाच्या तळाला, कोपऱ्यात, बारीक अक्षरात सही करणार, पाटीवर करायचा तशीच: 'पेंटर', आणि पुढं आपला फोन नंबर. सहीशिवाय पाटी म्हणजे त्याला खाली नाव न लिहिलेलं पत्र वाटायचं.

सगळ्यांत जुनी सवय पडद्याची. पाटी रंगवायला घेतली की तिच्यावर तो जुनी चादर टांगायचा आणि चादरीच्या आत शिरून काम करायचा. उकाड्यानं अंगाचं पाणी होई, पण चादर काढत नसे. कारण अर्धी पाटी दिसली की रस्त्यावरचं प्रत्येक माणूस मास्तर होतं. हे अक्षर जाडं वाटतं, ते जरा डावीकडं घ्या. पाटी पुरी झाली, की दोर ओढून चादर खाली पाडायची. मग काय बोलायचं ते बोला. ब्लॉगलाही त्यानं हीच रीत लावली. दुरुस्तीला घेतला, की सेटिंगमध्ये जाऊन 'वाचक कोण' या रकान्यात 'सगळे' खोडायचं आणि 'फक्त लेखक' करायचं. बाहेरच्याला काही दिसत नाही. काम संपलं, की पुन्हा 'सगळे'. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

चुकला तो सख्ख्या बहिणीच्या कामात.

अक्का त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळं पेंटरचं नाक तिनं पुसलं आणि पाठही तिनंच सोलली. तिचा शिवणाचा क्लास होता. पुढच्या खोलीत अकरा मशीनी, भिंतीवर कागदी कापांचे गठ्ठे, आणि मधे अक्का, गळ्यात टेप घालून. शेकड्यांनी बायका तिच्या हाताखालून गेल्या. चुकीचा काप कापला तर अक्का अख्ख्या क्लाससमोर कापड वर धरून म्हणायची, "हा शर्ट कुणाला घालायचाय? बाकाला?" कात्रीला ती महिन्यातून एकदा धार लावायची. जिभेला गरज पडत नसे.

नवरा लवकर वारला. एकच लेक. लेक मशीनीखालीच वाढली, चिंध्यांत लोळत. शिवण उसवायचं एक छोटं हत्यार असतं, दोन टोकांचं, मधे धार. लेक तीन वर्षांची असताना त्याला 'उंदीर' म्हणायला लागली, कारण ते दोरा कुरतडतं. मग घरात तोच शब्द झाला. क्लासच्या बायकांसमोर नाही हां, फक्त घरात. "उंदीर कुठं गेला?" म्हटलं की एकीनं दुसरीला तो द्यायचा. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर दोघींना वेड्यात काढलं असतं.

पुढं लेकीनं मशीनींना तेलपाणी करायला येणाऱ्या मेकॅनिकशी लग्न करायचं ठरवलं. माणूस बरा होता, पण त्याचं पहिलं लग्न मोडलेलं, आणि अक्काला ते कुठून तरी भलत्या तोंडून कळलं. भांडण तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी लेक पिशवी घेऊन निघाली तेव्हा अक्का दाराच्या चौकटीत उभी राहून म्हणाली, "या दारातून गेलीस, तर हे दार पुन्हा तुला उघडायचं नाही." पेंटर तिथंच होता. तो म्हणाला, "अक्का, असं बोलू नये." अक्का म्हणाली, "तू गप रे. पाट्या रंगव."

लेक गेली. बोलल्याप्रमाणं आली नाही. दोन वर्षांनी अक्कानं पत्र धाडलं, ते परत आलं. फोन केला, तो नंबर बंद. कोण म्हणे या गावाला गेली, कोण म्हणे त्या. सात वर्षं झाली. अक्काचे गुडघे गेले, क्लास बंद पडला, दहा मशीनी विकून एक राहिली.

रिकाम्या खोलीत बसून बहीण भिंतीशी भांडते हे बघून पेंटरनंच तिला ब्लॉग काढून दिला. म्हणाला, "बायकांना शिकवायचीस ते लिही." अक्का एका बोटानं लिहायला लागली. कॉलर कशी बसवावी. काज घालताना दोरा कुठं धरावा. आखूड झालेली बाही कशी वाढवावी. बाई लिहायचीही तशीच, खडसावल्यासारखी. पण वाचणाऱ्याला कळायचं, की हे सगळं कुणा एकीला चाललंय. क्लासच्या जुन्या बायका वाचायच्या, अधूनमधून शाबासकी द्यायच्या. अक्काला त्यांचं काही नव्हतं. ती रोज सकाळी उठून आधी शेरे बघायची.

आणि एका सकाळी, कॉलर उसवण्याच्या धड्याखाली, नाव नसलेल्या कुणीतरी एक ओळ लिहिलेली दिसली.

'उंदराचा फोटो दिसत नाही.'

अक्कानं पेंटरला फोन केला. आवाज असा की पेंटरला वाटलं ही पडली-बिडली. तो चपला न घालता धावत गेला. अक्का मशीनपुढं बसली होती, फोन मांडीवर.

"वाच."

पेंटरनं वाचलं. पुन्हा वाचलं. "अक्का, तीच."

"मग दुसरं कोण? धड्यात मी उंदीर लिहिलेलंच नाही. शिवण उसवायचं हत्यार लिहिलंय." अक्कानं पदरानं नाक पुसलं आणि लगेच आवाज चढवला. "आणि फोटो का दिसत नाही रे? तू केलंस ना हे? सात वर्षांनी पोर दारात आली आणि दारात फुटका दिवा!"

"तूच फोटो पुसले असणार. फोनमधे जागा नाही, जागा नाही म्हणत होतीस."

"मी फोनमधले पुसले. ब्लॉगमधले नाही."

"ते एकाच कोठारातले असतात, अक्का. इथून काढले की तिथूनही जातात."

"मग हे आधी सांगायला तोंड नव्हतं?"

असं त्यांचं. पण दोघंही हसत होते. पेंटरनं उत्तर टाकू या म्हटलं, त्यावर अक्का म्हणाली, "नको. घाबरून पळेल. आधी घर नीट कर. फोटो लाव, अक्षरं मोठी कर, ती बाजूची अडगळ काढ. ती पुन्हा येईल फोटो बघायला. आली की स्वच्छ दिसलं पाहिजे."

पेंटरनं मंगळवारी काम हातात घेतलं. टेम्प्लेटची नक्कल काढली, वहीत तारीख टाकली, आणि रीतीप्रमाणं पडदा लावला. 'फक्त लेखक.'

तो आठवडा पेंटर मन लावून राबला. एकशे चौदा फोटो नव्यानं काढून चढवले, उंदराचे तर चार बाजूंनी. मोबाइलवर बाजूचा रकाना मजकुरावर बसत होता, त्याला तळाला ढकलला. अक्का पूर्वी कुठून तरी घड्याळाचं विजेट उचलून लावून बसली होती, त्याच्या पोटातून जाहिराती निघत होत्या, ते उपटून काढलं. शनिवारी दुपारी मात्र सगळं पान अचानक पांढरं पडलं. कोडात कुठंतरी एक कंस बंद करायचा राहिला होता. दोन हजार ओळी आणि एक कंस. पेंटर चष्मा कपाळावर चढवून, नाक स्क्रीनला लावून ओळ न् ओळ चाळत होता आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. कर्ज घ्या, विमा घ्या म्हणणाऱ्यांनी त्याचा जीव नकोसा केला होता; तळाला नंबर लिहायच्या सवयीची ही शिक्षा. कापला. पाच मिनिटांनी पुन्हा. कापला. तिसऱ्यांदा वाजला तसा त्यानं, "मरा तिकडं," म्हणून तो नंबर ब्लॉकच करून टाकला. पुढच्या अर्ध्या तासात कंस सापडला. वहीत त्यानं लिहिलं: 'शनि. कंस मिळाला, ओळ १३०६. मधे फोनचा ताप.'

काम तिथं संपलं असतं, तर दोर ओढला गेला असता. पण गिऱ्हाईक अक्का होती. उसवून पुन्हा शिवणं हा तिचा जन्माचा धंदा. मथळा निळा केला तर म्हणाली, हिरवा कर. हिरवा केला तर म्हणाली, शाळेच्या भिंतीसारखा दिसतो. समास वाढव, कमी कर, माझं नाव एवढं मोठं नको, एवढं बारीकही नको. रोज एक टाका. रोज थोडं राहिलेलं. "झालं" हा शब्द दोघांपैकी कुणी उच्चारलाच नाही, आणि दीड महिन्यानं हे फेरफार आपोआप विरले तेव्हा पडद्याची आठवण पेंटरच्या डोक्यातून केव्हाच पुसली गेली होती. राहणार कशी? तो बघायचा तेव्हा ब्लॉग उघडा दिसायचा, कारण तो आत होता. अक्का बघायची तेव्हाही उघडा, कारण तिच्या फोनवर, खोलीतल्या कॉम्प्युटरवर पेंटरनंच तिला लेखक करून ठेवलं होतं. आतल्या माणसाला दार लावलेलं कळत नाही, घर नेहमीसारखंच दिसतं.

त्यात आकडा होता. आज किती जणांनी पान बघितलं, त्याचा. अक्का रोज सकाळी विचारायची, "आज किती?"

"तीन."

"काल?"

"काल पण तीनच."

"रोज येतात बघ नेमानं," अक्का म्हणायची, "त्यातली एक ती. शेरा टाकत नाही, पण येते. माझ्यासारखीच हट्टी आहे."

त्या तिघांच्या जिवावर अक्का आठ महिने लिहीत राहिली. पडदा लागल्यानंतर नवव्या दिवशीच तिनं एक धडा लिहिला, नाव 'उसवणं'. तिनं तो पेंटरला न दाखवता टाकला, पण पेंटरनं वाचला. त्यात होतं: 'उसवताना दोरा ओढू नये. ओढला की कापड फाटतं, आणि मग आपण कापडाला नावं ठेवतो. मी एकदा असा दोरा ओढला. दाराच्या चौकटीत उभी राहून ओढला. कापड चांगलं होतं, हात वाईट होता.' अक्कानं जन्मात कुणाची माफी मागितलेली पेंटरनं पाहिली नव्हती. तो त्या दिवशी तिच्याकडं गेला आणि काही न बोलता बसून आला.

मधे एकदा क्लासची जुनी विद्यार्थिनी औषधाच्या दुकानात भेटली. म्हणाली, "अक्का, लिहायचं बंद केलंत ना? बरं केलंत, डोळ्यांना त्रास." अक्का उखडली. "रोज लिहिते मी! तू वाचत नाहीस ते सांग की सरळ." अक्का घरी येऊन पेंटरला म्हणाली, "लोकांना खोटं बोलायला लाजही वाटत नाही बघ." पेंटरनं मान डोलावली. तिथं तरी त्याच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

पडला तो एका चष्म्याच्या दुकानदारापुढं. त्याला ब्लॉग करून हवा होता आणि नमुना बघायचा होता. पेंटर म्हणाला, "माझ्या बहिणीचा बघा, मेहनतीनं केलाय," आणि दुकानदाराच्याच कॉम्प्युटरवर त्यानं पत्ता टाइप केला. पांढऱ्या पानावर दोन ओळी आल्या. 'हा ब्लॉग फक्त निमंत्रित वाचकांसाठी खुला आहे. तुम्हाला निमंत्रण असल्याचं दिसत नाही.'

दुकानदार हसला. "काय पेंटर, बहीण तुम्हालाच आत घेईना?"

पेंटरला आधी कळलंच नाही. पत्ता चुकला म्हणून त्यानं पुन्हा टाकला. त्याच दोन ओळी. मग त्याला पडदा आठवला. काचेच्या कपाटांत शंभर चष्मे त्याच्याकडं बघत होते. दुकानदारानं पाणी पुढं केलं, ते न पिता तो उठला.

घरी येऊन त्यानं आधी दोर ओढला. 'सगळे.' एका टिचकीचं काम. मग वही काढली. मंगळवार, पडदा. त्याखाली शनिवार: मधे फोनचा ताप. पेंटर त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसला. लेकीनं आधी ब्लॉग पाहिला होता, म्हणजे तळाची सहीही पाहिली होती. मामाचं नाव, मामाचा नंबर. फोटो बघायला ती परत आली असणार, आणि पुढ्यात त्या दोन ओळी. तिला निमंत्रण नाही. आईनं सांगितलं होतंच की, दार उघडायचं नाही. तरीही पोरीनं मामाला तीनदा फोन लावला.

ब्लॉक केलेले सतरा नंबर होते. पेंटर एकेक लावत गेला. कर्ज. विमा. कर्ज. प्लॉट. बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, ज्यांना शिव्या घालता त्यांनाच फोन करताय?" त्यानं हातानं गप्प केलं. अकरावा नंबर एका घोगऱ्या आवाजाच्या माणसानं उचलला.

"तुम्ही आठ महिन्यांपूर्वी मला फोन केला होता का?"

"हा नंबर माझ्याकडं चार महिन्यांपूर्वी आला, साहेब. आणि आता तुम्हीच सांगा, आधी हा नंबर होता ती बाई कोण आहे तरी? आठवड्यातून दोनदा फोन येतो, ताई माझा फ्रॉक झाला का, ताई माझी बाही कापलीत का. मी टेम्पो चालवतो हो. मी कुणाचे फ्रॉक शिवू?"

"तिचा नवा नंबर?"

"मला कुठून असणार? असता तर हे सगळे फ्रॉक तिकडंच धाडले नसते?"

पेंटरनं फोन ठेवला. मनात आलं की अक्काला सांगायचंच नाही. पडदा उघडला आहे, तीनाचे पाच होतील, दहा होतील, कुणाला पत्ता लागतो? बायकोही तेच म्हणाली: "म्हातारीला कशाला मारताय?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला, "आज किती?" आणि 'तीन' हा शब्द पेंटरच्या तोंडातून फुटेना. तो म्हणाला, "येतो."

अक्का कॉलर उलटवत होती.

"अक्का, मशीन थांबव."

"बोल की. ऐकायला पाय लागत नाहीत."

"थांबव."

तिनं थांबवली. पेंटरनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पडदा, मंगळवार, शनिवार, टेम्पोवाला. अक्का त्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघत होती, निळ्या बोटांकडं.

"मग ती तीन माणसं?"

"एक तू. फोनवरनं."

"दुसरं?"

"दुसरीपण तूच. या कॉम्प्युटरवरनं. तिसरा मी."

अक्कानं मशीनवरची कॉलर बाजूला केली. मग म्हणाली, "म्हणजे मी माझीच वाट बघत होते रोज सकाळी."

पेंटरनं निळी बोटं खिशात घातली.

"आणि फोन का उचलला नाहीस?"

"कंस शोधत होतो."

"कसला कंस?"

"तुझ्याच ब्लॉगचा. पान पांढरं पडलं होतं. तिला नीट दिसावं म्हणून..."

"तिला नीट दिसावं म्हणून तू तिचा फोन कापलास."

"मला काय ठाऊक, अक्का!"

"तुला ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं, मशीनवाला कसा माणूस आहे ते. तरी बोललेच ना मी?" अक्का उठली. गुडघा कटकन वाजला. ती दारापर्यंत गेली, चौकटीला हात टेकला आणि त्याच्याकडं वळली. तिचं तोंड उघडलं. पेंटरला ते वाक्य माहीत होतं, सात-आठ वर्षांपूर्वी त्यानं ते याच जागी ऐकलं होतं. तो ते झेलायला तयार उभा राहिला. पण अक्कानं तोंड मिटलं. दात आवळून मिटलं. ते वाक्य तिनं गिळलं ते त्याला तिच्या गळ्यावर दिसलं.

"तुझी सही पूस," ती म्हणाली. "माझ्या पानावर तुझं नाव नको."

तीस वर्षांत पाटीवरची सही पुसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "पुसतो. पण नंबर राहू दे. तिच्याकडं तोच आहे."

अक्का रस्त्याकडं बघत राहिली. एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, एक सायकल गेली.

"नंबर राहू दे," ती म्हणाली. "नाव नको. आता जा. मला कॉलर संपवायची आहे."

त्यावर चार महिने झाले. अक्काच्या ब्लॉगच्या तळाला आता नुसता एक नंबर आहे, कुणाचा ते लिहिलेलं नाही. 'उसवणं' हा धडा तिनं सगळ्यांत वर आणून ठेवला आहे. पेंटरनं आपल्या आणि अक्काच्या भेटी आकड्यात धरू नयेत असं सेटिंग केलं. अक्का त्याच्याशी एवढंच बोलते, रोज सकाळी फोनवर, "आज किती?" आणि पेंटर खरं ते सांगतो. कधी चार. कधी शून्य. शून्य म्हटलं की पलीकडून मशीन सुरू झाल्याचा आवाज येतो आणि फोन बंद होतो.

उंदराच्या फोटोखाली नवा शेरा नाही.

सतराही नंबर पेंटरनं मोकळे केले. गिऱ्हाइकाच्या ब्लॉगमधे कंस शोधत असो, जेवत असो, आंघोळीला बसलेला असो, फोन वाजला की उठतो. बायकोनं बोलणं सोडून दिलं आहे. पेंटर निळ्या बोटांनी फोन कानाला लावतो, "हॅलो" म्हणतो, आणि पलीकडच्याला पुरतं बोलू देतो. मधे एकदाही तोडत नाही. मग म्हणतो, नाही ताई, कर्ज नको.